कातेलचं माप

सुट्टीला पॅरिसहून गावी गेलं की बायका आम्हा दोघींना धुण्याच्या तळ्यावर गाठायच्या. हातात कपडे, तोंडात प्रश्न. पॅरिसच्या त्या चालून दाखवणाऱ्या पोरी हसत का नाहीत? एका झग्याला एवढे पैसे पडतात कशाचे? नवरीचा पोशाख सगळ्यात शेवटी का काढतात? आणि हिरवा रंग तुमच्यात शिवत नाहीत म्हणे, ते खरं का?

मी आपली सांगत बसायची. पोरी हसल्या तर बघणारा तोंडाकडं बघतो, झग्याकडं नाही. पैसे हाताचे पडतात. एका बाहीवर आम्ही चौघी वाकून बसायचो आणि संध्याकाळी मोठ्या बाई ती बाही उसवायला लावायच्या. नवरी शेवटी, कारण ती येऊन गेली की लोकांना उठायचं कळतं. आणि हिरव्याचं म्हणाल, तर हिरवा दोरा चुकून मांडीवर पडला तरी आमच्यातल्या बायका क्रुसाची खूण करायच्या. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टी आम्ही जास्त पाळायचो.

कातेल केरोमनेस तिथंच दगडावर बसलेली असायची. तिला कुणी काही विचारायचं नाही. एकदाच एका म्हातारीनं विचारलं, "तुला भ्या वाटत न्हाई का गं, त्या मुंडकं नसलेल्या बायकांत?"

"जित्या बायकांचं वाटतं," कातेल म्हणाली. तेव्हा म्हणाली ते खरंच होतं.

कातेल माझ्याच आळीतली. लढाई संपल्यावर आम्ही दोघी मोर्लेच्या खाडीवरनं गाडीत बसलो आणि पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात उतरलो. अंगावर मासळीचा वास आणि तोंडात आमची बोली. त्या बोलीला पॅरिसच्या पोरी नाक मुरडायच्या, तर आम्ही मुद्दाम मोठ्यानं बोलायचो. एका मोठ्या शिवणघरात काम लागलं. मी शिवणाऱ्या बायकांच्या टेबलावर बसले. कातेलची बोटं जाड, खेकडे धरून राठ झालेली. रेशमावर हात फिरवला की रेशीम ओरखडायचं. म्हणून तिला वर माळ्यावर धाडलं, पुतळ्यांच्या खोलीत.

बड्या घरच्या गिऱ्हाइकिणी दर झग्याला तासन् तास उभ्या राहत नाहीत. त्यांच्या जागी त्यांची पुतळी उभी राहते. लाकडी पाय, वर ताणलेलं मांजरपाट, डोकं नाही, हात नाहीत. मूळची पुतळी सडसडीत. तिच्यावर कापसाची घडी थापायची, वरून कापडाची पट्टी आवळायची, टाके घालायचे, असं करत करत त्या त्या बाईचं अंग उभं करायचं. मानेवर शाईनं नाव. मोसम तोंडावर आला की मापं यायची आणि कातेल कापूस चढवायची नाहीतर उतरवायची. कुणाची कंबर सुटली, कुणाला दिवस गेले, कोण आतून वाळत चाललीय, सगळं तिच्या बोटांखालनं जायचं. त्या खोलीत चाळीसेक बायका भिंतीकडं पाठ करून उभ्या असायच्या. दार उघडलं की वाटायचं, आत्ताच सगळ्या बोलायच्या थांबल्यात.

त्या खोलीचे दोन नियम होते. एक, पुतळी भरणाऱ्या बाईनं स्वतःचं माप पुतळीला द्यायचं नाही. दुसरा, गिऱ्हाईक मेलं आणि घरच्यांनी तसं सांगितलं, की जिनं पुतळी भरली तिनंच ती आपल्या हातानं उतरवायची, मांजरपाटापर्यंत, आणि नाव खरवडायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. घरच्यांनी सांगितलं नाही तर पुतळी तशीच राहते.

आमच्या मोठ्या बाई, रेमोंद बाई, म्हणायच्या, "गिऱ्हाईक मेलं हे गिऱ्हाइकाकडनंच कळायला हवं. आपण कोण ठरवणार?"

बायका हसायच्या. पण हसून झालं की अपशकुन टळावा म्हणून कुणीतरी लाकडाला हात लावायची.

मादाम सोव्हाजो पहिल्यांदा आल्या त्या मुलीला घेऊन. नवरा कसल्याशा कारखान्याचा मालक होता, तो लढाईत गेलेला. बाई उंच, राखाडी कपड्यांतल्या, हातमोजे कधी न काढणाऱ्या. मुलगी सोलांज, एकोणीस वर्षांची, चिमणीसारखी. माप घेताना टेप पाठीला लागली की खिदळायची. तिची पुतळी कातेलनं भरली. भरायला होतंच काय? छातीला दोन ओंजळी कापूस, बस्स. तिच्यासाठी आम्ही एक निळा कोट शिवला.

पुढच्या हिवाळ्याआधी मादाम एकट्याच आल्या. म्हणाल्या, सोलांज डोंगरात आहे, स्वित्झर्लंडला, तिला तिकडची हवा मानवते. यायला जमणार नाही. तुम्हीच अंदाज घ्या. एका वर्षात मुलगी जेवढी भरते तेवढी भरवा.

रेमोंद बाई निरोप घेऊन माळ्यावर गेल्या.

"कातेल, सोव्हाजोंच्या मुलीचं माप आलेलं नाही. अंदाजानं वाढव."

"कशाचा अंदाज घिऊ, बाई? गाभण गाय हाय व्हय ती, हात लावून सांगाया?"

"तोंड आवर. आणि संध्याकाळपर्यंत खाली पाठव."

सोलांज आणि कातेल एका वयाच्या. कातेलनं काय करावं? टेप उचलली आणि स्वतःच्या छातीला लावली. गेल्या साली आपण किती होतो, आता किती झालो, मधला फरक काढला आणि तेवढा कापूस सोलांजला चढवला. रात्री खानावळीत सूप पिताना मला म्हणाली, "लई सोपं पडलं बग. माझं भरलं तेवढं तिचं भरलं."

"आपलं माप द्यायचं नसतं म्हंत्यात," मी म्हणाले.

"माप कुटं दिलं? वाढ दिली नुस्ती."

मादाम सोव्हाजोंनी पुतळी खाली फिटिंगच्या खोलीत मागवली. दोन बायकांनी ती ढकलगाडीवर घालून नेली. त्या गाडीचं एक चाक किरकिरायचं, आणि आम्ही दोघी खाडीकडच्या, आम्हाला ती किरकिर ऐकून एकच आठवायचं. आमच्याकडं माणूस मरायच्या आधी अंकूची, म्हणजे मरणाची, गाडी दारावरनं जाते, तिचा आस असाच वाजतो. मादाम पुतळीभोवती हळूहळू फिरल्या. मोज्यातला हात तिच्या कमरेवर ठेवला आणि म्हणाल्या, "छान भरलीय."

त्या आठवड्यात माळ्यावर साखरेत घोळवलेल्या चेस्टनटचा डबा आला. "सोलांजकडनं," असा निरोप. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. कातेलनं सगळ्यांत जास्त.

असं दर साली चालू झालं. मादाम यायच्या, मुलीचं येणं व्हायचं नाही. कातेल टेप स्वतःला लावायची. आधी वाढच द्यायची. मग कुठं वाढ, कुठं घट याचा हिशोब ठेवायचा कंटाळा आला आणि सरळ आपलं माप उचलून तिच्यावर उतरवायला लागली. एका साली कातेलचा बाप होडीसकट गेला. ती चार महिने पाव आणि कॉफीवर राहिली, अंगावरचं मांस उतरलं. त्या हिवाळ्यात मादाम सोव्हाजोंनी पुतळीच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"ती जेवत नाहीये," त्या म्हणाल्या. "तिला काय झालंय?"

रेमोंद बाईंनी सांगितलं, डोंगरातली हवा भूक मारते. मी टाचण्यांची उशी घेऊन शेजारी उभी होते. मी ते कातेलला सांगितलं तर ती म्हणाली, "बाईला डोळं हाईत म्हनायचं."

मग तो करड्या लोकरीचा झगा परत आला. आदल्या साली सोलांजसाठी शिवलेला. मादामना तीच कॉलर नव्या कोटाला हवी होती, नमुना म्हणून धाडलेला. आमच्याकडं बाहीच्या तोंडाशी एक कच्चा टाका ठेवतात, पांढऱ्या दोऱ्याचा. झगा पहिल्यांदा घालायच्या दिवशी घरची बाई तो ओढून काढते. दोरा जागच्या जागी होता. कातेलनं झगा उलटा केला, काखेतली घामपट्टी नाकाला लावली. अंगावर घातलेल्या कपड्याला वास असतो, कितीही धुवा. राणी असली तरी काखेला घाम येतोच. या झग्याला कपाटातल्या वाळक्या फुलांचा वास होता, दुसरा काही नाही.

दुपारी ती समोरच्या गुत्त्यात गेली. मादामचा ड्रायव्हर तिथं वाइन पीत बसायचा, फेर्नां नावाचा, गुडघे दुखणारा म्हातारा. मी बरोबर होते.

"सोलांजताई कशा हाईत?" कातेलनं विचारलं.

म्हातारा ग्लासात बघत राहिला. "तुम्ही वरच्या ना, शिवणघरातल्या?"

"व्हय."

"मग मला कशाला विचारता? तुमच्याच निळ्या कोटात पुरली तिला. पहिल्याच हिवाळ्यात. छातीत पाणी झालं." त्यानं तोंड पुसलं. "मी गाडीचं दार अजून दोन्हीकडनं उघडतो. बाईसाहेबांना तसंच लागतं."

कातेल उठली. रस्ता ओलांडला, जिना चढली. मी मागनं गेले. पुतळ्यांच्या खोलीत ती सोलांजसमोर उभी राहिली. मीही बघितलं आणि मला आत्तापर्यंत दिसलं कसं नाही याचं नवल वाटलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. कातेलचा तसाच होता, रोज त्या हातानं पट्टी आवळून. कंबर आखूड, कुल्ले रुंद, आमच्याकडच्या बायकांचे असतात तसे. मानेवर नाव तेवढं सोलांजचं. खाली सगळी कातेल.

"मढ्यानं पांघरलंय मला," ती म्हणाली.

फेर्नां जे बोलला ते आठवड्याभरात सगळ्या शिवणघराला कळलं. त्यानंतर कातेल बदलली. पायऱ्या चढताना मध्येच थांबायची, मागं कुणी आहे का बघायची. म्हणायची, पट्टी आवळली की मला हितं आवळतंय. आणि वसंतात तिची पाळी थांबली. पहिल्यांदा बायकांना वाटलं तिच्या गावाकडच्या एर्वेचे उद्योग. पण पोट काही येईना. डॉक्टरनं सांगितलं रक्त कमी आहे, काळीज खा. तिनं काळीज खाल्लं, बीटं खाल्ली, पाळी आली नाही.

मी तिला म्हणाले, "अगं थंडी, उपास आन भ्या, यवढं पुरं हुतं बाईची पाळी थांबाया."

"मग भ्या कशाचं त्ये बी सांग की."

एर्वे म्हणजे आमच्या गावचा, खाडीत कालवं पाळणारा. गाव सोडायच्या आधीपासनं दोघांचं ठरलेलं. ईस्टरला तो पॅरिसला आला, समुद्रशेवाळात गुंडाळलेली कालवांची टोपली घेऊन. स्टेशनातल्या बाकावर बसून आम्ही तिघांनी सुरीनं उघडून खाल्ली.

"औंदा लगीन करायचं का न्हाई, सांग," एर्वे म्हणाला. "आई म्हनती, पोरं व्हायची तर आत्ताच. मला बी वाटतं. घर शाकारलंय म्या."

"मला पोरं हुयाची न्हाईत," कातेल म्हणाली. "ती खाली उतरल्याबिगर न्हाई."

"कोन ती?"

तिनं सांगितलं. एर्वे आधी मोठ्यानं हसला. मग त्यानं हातातलं कालव न खाता परत टोपलीत ठेवलं. आमच्याकडची माणसं अशा गोष्टीला फार वेळ हसत नाहीत.

"मग उतरीव की तिला."

"तिच्या आईनं सांगाया पायजे. सांगितल्याबिगर उतरीवली तर ती पुतळीवरनं उतरंल आन मला चिकटंल. त्योच तर नियम हाय."

"मग जाऊन सांग तिच्या आईला."

"आई म्हनती ती जित्ती हाय."

एर्वेनं सुरी पुसली. "सप्टेंबरपातुर थांबतो," तो म्हणाला. "त्याच्या म्होरं माझ्या आईला मी काय सांगू?"

सप्टेंबर आला आणि मादाम सोव्हाजो आल्या. या वेळी बरोबर चेस्टनट आधीच आणलेले. रेमोंद बाई फिटिंगच्या खोलीतनं बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"नवरीचा पोशाख," त्या म्हणाल्या. "सोलांजसाठी. पांढरं सॅटिन, लांब बाह्या."

आमच्या टेबलावरच्या सगळ्यांच्या सुया थांबल्या. आमच्यात एक रीत आहे. नवरीचा पोशाख शिवताना बिनलग्नाच्या पोरी आपल्या डोक्याचा एकेक केस त्याच्या खालच्या दुमडीत शिवून टाकतात. नवरी चालली की आपलंही नशीब चालायला लागतं. एरवी त्यासाठी भांडणं व्हायची. त्या दिवशी पोलेत नावाची एक पोर, जिला लग्नाची सगळ्यात घाई, ती डोक्यावरचा रुमाल घट्ट करत म्हणाली, "माझा केस मी नाही घालणार त्यात. रेमोंद बाई, तुम्ही मारलंत तरी नाही."

"तुला कोणी विचारलं?" रेमोंद बाई म्हणाल्या. पण आवाज चढला नाही त्यांचा.

माप बसतं का बघायला आधी कच्चा झगा कोऱ्या मांजरपाटाचा कापला. कातेलला माळ्यावर निरोप गेला: पुतळी मापानं भर, आज दुपारी पहिली फिटिंग. कातेल खाली आली. आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली, टेप गळ्यात, हात लोंबते.

"मी न्हाई भरनार."

"कातेल," रेमोंद बाई म्हणाल्या, "ते मोठं गिऱ्हाईक आहे."

"ठावं हाय. पर ह्यो नवरीचा कपडा हाय, बाई. माझं माप घालून तो तिच्या अंगावर चढला की माझं लगीन झालं. आन नवरी मातीखाली. मग मी काय न्हेसू? मला बी पुरनार का तुमी?"

"मी तुला कामावरनं काढीन."

"काडा."

कातेलशिवाय ती पुतळी कोणी भरायची नाही, आणि गाडी ढकलणाऱ्या दोघी बायकाही उठेनात. खाली मादाम सोव्हाजो वाट बघत होत्या. घड्याळ पुढं सरकत होतं. शेवटी जिन्यावर पावलं वाजली. गिऱ्हाइकं आमच्या मजल्यावर कधी येत नाहीत; त्यांना तो जिना आहे हेच माहीत नसतं. मादाम सोव्हाजो एका हातानं कठडा धरून वर आल्या. श्वास लागलेला.

"मला सांगितलं, सोलांज खाली येऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "कुठंय ती?"

कातेलनं माळ्याच्या जिन्याकडं बोट दाखवलं. आम्ही मागोमाग गेलो. हाकलायचं रेमोंद बाईंनाही सुचलं नाही. खिडकीतनं दुपारचं ऊन आलेलं, त्यात सगळ्या बायका उभ्या, बिनडोक्याच्या. मादाम नावं वाचत गेल्या, आपल्या मुलीपाशी थांबल्या. खाली, फिटिंगच्या खोलीत, पडदे आणि नरम दिवे असायचे. इथं ऊन सरळ पडलेलं.

"हिचा उजवा खांदा उतरलाय," त्या म्हणाल्या. "केव्हापासून?"

"पट्टी आवळून हुतं तसं," कातेल म्हणाली.

"माझ्या मुलीनं असलं काम कधी केलेलं नाही."

"तिनं न्हाई, बाईसाहेब. म्या केलं."

मादामनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. खांद्याकडं, कमरेकडं, मग पुतळीकडं, परत तिच्याकडं.

"तुमी माप देत नव्हता," कातेल म्हणाली. "म्या माझं दिलं. चूक झाली. मला ठावं नव्हतं ती कुटं हाय ते."

"डोंगरात आहे ती."

"बरं," कातेल म्हणाली. "मग माझं माझं काडून घेती. तेवढा हक हाय मला. खालची तुमची."

रेमोंद बाईंनी तिचा दंड धरला. मादामनी नुसता हात वर केला, आणि रेमोंद बाईंनी दंड सोडला.

कातेलनं सगळ्यात वरची पट्टी सोडवली. कापूस आला, लादीसारखा, आतनं दबून पिवळा पडलेला. तिनं तो जमिनीवर ठेवला. "ह्यो गेल्या सालचा. पाळी हुती तवाचा." पोलेत हळूच "अगं बाई" म्हणाली. कातेलनं पुढची पट्टी सोडवली. "ह्या साली आमी सुट्टीला गेलो, आन मी काळ्या गव्हाची घावनं खाऊन खाऊन सुटले. कुल्ले बगा की." पुढची. "ह्यो बरगड्यांचा. ह्या साली माझा बा बुडाला. गावलाच न्हाई. रिकामी पेटी पुरली आमी, आत त्याचे बूट घालून."

"त्या वर्षी मी म्हणाले होते, ती जेवत नाही," मादाम म्हणाल्या.

"मी जेवत नव्हते, बाईसाहेब."

थर निघत गेले. कातेलच्या पायाशी कापसाचा ढीग झाला आणि पुतळी लहान होत गेली. खांदा सरळ झाला. कंबर वर सरकली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, कारण कुणीतरी आमच्या डोळ्यांदेखत उलटं चालत चाललं होतं. शेवटी एकच पट्टी उरली, पातळ मलमलीची, आणि तिच्याखाली ती चिमणी. छातीला दोन ओंजळी. एकोणीस वर्षांची.

मादाम सोव्हाजोंनी उजवा मोजा काढला. हात म्हाताऱ्या बाईचा निघाला, डागांचा. तो त्यांनी पुतळीच्या पाठीवर ठेवला, जिथं टेप लागली की ती खिदळायची तिथं.

"ही," त्या म्हणाल्या. "हिला राहू दे."

"ऱ्हाऊ दिली असती," कातेल म्हणाली. "पर माझी बोटं हाईत तिच्यात. पयल्या टाक्यापासनं. मला लगीन करायचंय, मला पोरं पायजेत. ती उतरल्याबिगर मला सुटका न्हाई, आन तुमी बोलल्याबिगर मला ती उतरीवता येत न्हाई."

"काय बोलायचं असतं?"

"नाव. आन गेली म्हनून."

मादामचे ओठ हलले. नाव आलं, पुढचं आलं नाही. परत नाव आलं. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, ते वाजायचं थांबलं. रेमोंद बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून दिली. मादाम बसल्या नाहीत.

"मी तिला सांगितलं होतं, तो कोट घाल," त्या एकदम म्हणाल्या, आमच्यापैकी कुणाकडंच न बघता. "गारठा आहे, घाल. ती म्हणाली, टाके टोचतात. नंतर मीच घातला. बटणं लावली सगळी. बाहीचा पांढरा दोरा मीच ओढला." त्या थांबल्या. "सोलांज गेली. त्याच हिवाळ्यात गेली."

कातेलनं कात्री टेबलावर ठेवली. आमच्यात कात्री हातात देत नाहीत. ठेवतात, घेणाऱ्यानं उचलायची. ती स्वतः उचलणार होती. पण मादामनी उचलली.

"बाईसाहेब, भरणाऱ्या बाईनंच..." रेमोंद बाई म्हणाल्या.

"पहिला टाका," मादाम म्हणाल्या. "बाकी तिचे."

त्यांनी मानेखालचा एक टाका कापला. कात्री धरायची सवय नव्हती, दोनदा घसरली. मग कात्री टेबलावर परत ठेवली आणि कातेलनं बाकीचे कापले. मलमल सुटली. दोन ओंजळी कापूस निघाला. कातेल तो ढिगावर टाकायला वाकली तर मादामनी हात पुढं केला. कापूस घेतला, कोटाच्या आत छातीशी धरला आणि तशाच जिना उतरून गेल्या, एका हातात मोजा नसलेल्या.

त्या परत आल्या नाहीत. शिवणघराचं एक मोठं गिऱ्हाईक तुटलं, आणि रेमोंद बाई महिनाभर कातेलशी बोलल्या नाहीत. मानेवरचं नावही कातेललाच खरवडावं लागलं. शाई कापडात मुरलेली, पूर्ण गेली नाही. ती पुतळी मागच्या रांगेत उभी केली आणि तिला नवीन गिऱ्हाईक कुणी दिलं नाही.

त्या दुपारी कातेलनं खानावळीत दोन ताटं खाल्ली आणि टेबलावरच डोकं ठेवून झोपली. लोक येत होते, जात होते, ती घोरत होती.

पाळी नाताळात आली. हिशोब मांडणारे मांडोत. मला एवढंच ठाऊक आहे की ती भर जिन्यात मला गाठून ते सांगून गेली आणि पोलेतनं ते सगळ्या मजल्यावर पसरवलं. एर्वेच्या आईला आणखी काही महिने थांबावं लागलं, तिनं थोडी कुरकूर केली. लग्न वसंतात, आमच्या गावच्या देवळात ठरलं.

तिचा झगा मी शिवला. टेप काढली की ती खोलीबाहेर जायची. आरशासमोरही उभी राहायची नाही. म्हणायची, तुला दिसती का न्हाई मी? मग डोळ्यानं शीव. मी आयुष्यभर टेपेनं शिवलेलं, डोळ्यानं शिवायचं म्हणजे आंधळ्यानं होडी हाकायची. जमेल तसा शिवला. डावी बाजू बोटभर लांब झाली. लग्नाच्या दिवशी देवळाच्या पायरीवर ते माझ्या ध्यानात आलं आणि मी खाली बसून टाका घालायला लागले.

कातेलनं माझा हात धरला. "असू दे," ती म्हणाली. "बरं हाय. कुनाच्या मापाचा न्हाई त्यो."

एर्वे पुढं उभा होता, कालवांच्या शिंपांनी हात चिरलेले. ती गेली. पाऊस पडून गेलेला, आणि झग्याची लांब बाजू देवळापर्यंत चिखलातनं ओढत गेली. तिनं ती उचलून धरली नाही.